वाळूची गादी

काटा खोटा आहे, असं मी श्रीनिवासला तोंडावर सांगितलं. आजूबाजूला पाहुण्यांच्या क्लबातली माणसं चहाचे कागदी कप धरून उभी होती, त्यांनी माना वळवल्या. शनिवारची सकाळ, हडपसरचं आमचं ग्लायडरचं मैदान, दोन क्लबांची मैत्रीची स्पर्धा. स्पर्धेआधी प्रत्येक पायलटनं काट्यावर उभं राहून वजन द्यायचं हा आमच्याकडचा रिवाज. तसं बघितलं तर लग्नात मानपान विचारतात त्यातलाच प्रकार, विचारायचं म्हणून विचारायचं, आकड्याकडे कुणी बघत नाही. पण श्रीनिवास बघतो. बँकेत जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या जुळवून बघितल्या त्यानं, ती खोड गेली नाही. त्यानं चष्मा कपाळावर नेला, परत नाकावर आणला आणि म्हणाला, "सिराज, उतर. बूट घालून परत चढ." म्हटलं, "बूट घातलेलेच आहेत." तर म्हणतो, "मग खिशातलं काही काढू नकोस. असू दे." लोक हसले. तो हसला नाही. पुण्यातला माणूस टोमणा मारून स्वतः हसत नाही ते ठीक, तो धर्मच आहे, पण श्रीनिवास माझ्या गळ्याकडे बघत होता, सदऱ्याच्या कॉलरमध्ये दोन बोटं जातील एवढी जागा पडलेली, तिच्याकडे. "अठ्ठावन्न," तो हळू म्हणाला. "पासष्टच्या खाली मी तुला सोडत नाही, तुला माहितीये." मग मी ते काट्याचं बोललो. तर म्हणाला, "काट्याला नावं ठेवू नकोस बाबा, त्यानं तुला ठेवली नाहीत."

आता हे बोलणारा मी कोण, तर मार्केट यार्डातला तोलार. माझ्या बापानं, दादामियाँनी, तोलाईच केली, मीही तीच केली. कांदा, बटाटा, लसूण. दुसऱ्याचा माल काट्यावर घ्यायचा, आकडा ओरडायचा, बाजूला सारायचा, पुढचं पोतं. शाळा सातवीत सुटली ती सुटलीच. ग्लायडरचं येड कुठनं लागलं म्हणाल, तर लग्नाआधी एकदा ट्रकबरोबर सासवड रोडनं येत होतो, ट्रक बंद पडला, आणि डोक्यावरून एक पांढरं धूड आवाज न करता गेलं. आवाज न करता. आमच्या यार्डात पहाटेपासून जो गोंगाट असतो ना, त्यातनं आलेल्या माणसाला ते कसं वाटलं असेल बघा. ट्रक सोडून कुंपणापाशी गेलो. तिथं एक बँकेतला पोरगेला माणूस ग्लायडरच्या पंखाचं टोक धरून उन्हात उभा होता. म्हटलं, का धरलंय? तो म्हणाला, "सोडून बघा." नि त्यानंच सोडलं. पंख सावकाश कलला आणि जमिनीला टेकला. "हे स्वतःच्या पायावर उभं राहत नाही," तो म्हणाला. "पोटाखाली एकच चाक. हवेत गेलं की कुणाची गरज नाही, जमिनीवर असलं की कुणीतरी धरायला लागतं." तो श्रीनिवास. त्यानं मला पुढं सगळं शिकवलं, तोंडी परीक्षेला पाठ करून घेतलं. तेव्हा मी असाच काटकुळा होतो. हलका पायलट बसला की नाक हलकं पडतं, शेपूट जड होते, मग ते हवेत कधी काय करील सांगता येत नाही. म्हणून सीटखाली शिशाच्या पाट्या बसवतात. क्लबाकडे पाट्यांचा एकच जोड. आजही एकच. आणि तो पाहुण्यांच्या आनंदीला दिला होता, पंचविशीची, फुंकर मारली तर उडेल अशी मुलगी, आणि पाहुण्यांचा मान पहिला. श्रीनिवासनं वजनांचं रजिस्टर बंद केलं आणि म्हणाला, "आज तू खालीच. उद्या वजन घेऊन ये. तुझी ती गादी कुठंय रे? रशीदावहिनींनी शिवलेली?"

गादी. वीस-पंचवीस वर्षांत मला त्या गादीची आठवण झाली नव्हती. रशीदाशी लग्न झालं त्या वर्षी, पाट्या आधीच दुसऱ्या कुणीतरी घेतलेल्या म्हणून मी सलग तीन रविवार उडलो नाही, तर तिनं विचारलं, नुसतं वजनच पाहिजे ना? मग ताडपत्रीचे दोन थर घेतले, नदीची वाळू चाळून धुऊन वाळवली, आणि आत भरून चौकोन चौकोन शिवले, गोधडीला घालतात तसे. म्हणाली, "मोकळी ठेवली तर वाळू एका बाजूला जाईल, तुम्ही वाकडे व्हाल." दोन्ही टोकांना पट्ट्याचे फास केले, सीटच्या पट्ट्यातनं ओवायला. श्रीनिवासनं ती उलटीपालटी करून, ओढून, आपटून बघितली आणि पास केली. दीड वर्ष मी त्या गादीवर बसून उडलो. मग रशीदाच्या हातचं खाऊन अंगाला मांस धरलं, जरीना झाली, गादी माळ्यावर गेली. म्हणजे माझं वजन परत तिथंच येऊन थांबलं होतं जिथं लग्नाआधी होतं. मधलं सगळं, तिनं घातलेलं, उतरून गेलं होतं. हे मला कुणी सांगितलं नाही. आरशात दिसलं नाही. आरसा दाढीपुरता बघतो मी.

दुपारभर खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या उतरणीचे गुण ऐकत राहिलो. मैदानावर फक्कीची एक पांढरी रेघ मारलेली असते, उतरताना चाक जितकं रेघेच्या जवळ थांबेल तितके गुण. मला काही दिसत नव्हतं. डोक्यात एकच, काटा खोटा आहे. शेवटी उठलो आणि मार्केट यार्डात गेलो. शनिवारी यार्ड बंद असतं. बंद यार्ड कधी बघितलंय का? माणूस मेल्यावर त्याच्या तोंडाकडे बघितल्यासारखं वाटतं. रिकामे गाळे, कांद्याची सालं वाऱ्यानं इकडनं तिकडं, एक कुत्रं. वॉचमन संपत ओळखीचा, त्याला म्हटलं जरा काट्यावर उभं राहायचंय. "काय तोलार, स्वतःचा भाव काढताय का?" म्हणाला, पण कुलूप काढलं. जिथं मी पोती ठेवायचो त्याच पत्र्यावर उभा राहिलो. तो काटा मी रोज सकाळी पुसायचो, त्याच्यावर फुंकर घालायचो. हलला, थांबला. श्रीनिवासच्या काट्यापेक्षा अर्धा किलो कमीच. मी आकडा ओरडलो. सवयीनं हो. रिकाम्या शेडमध्ये घुमला आवाज. आणि मग सवयीनंच वाट बघत राहिलो की हमाल येऊन मला बाजूला सारील आणि पुढचं पोतं टाकील. संपत म्हणाला, "तब्येत बरी नाय का? रिपोर्ट काढलेत का?" म्हटलं काढलेत, सगळे बरे आलेत. ते खरंच होतं. डॉक्टरनं रिपोर्ट बघून विचारलं होतं, जेवण कोण करतं? मी म्हटलं, हॉटेलवाला.

तीन वर्षांपूर्वी जरीनाची बाळंतपणाची रजा संपली. हिंजवडीला कंपनी, नवराही तिथंच, चौदाव्या मजल्यावर घर. रशीदा सहा महिन्यांसाठी गेली. पोरगं बसायला लागेपर्यंत, मग दात येईपर्यंत, मग चालेपर्यंत. आता नियाज बाराखडीच्या शाळेत जातो आणि रशीदा तिथंच. भांडण नाही, तंटा नाही. पुण्यात आमच्या वयाची अर्धी जोडपी अशीच झालीत, एक ह्या पोराकडं, एक त्या घरात, मधे पीएमटी. सुरुवातीला ती दर शनिवारी यायची, डबे भरून ठेवून जायची. मग महिन्यातनं एकदा. मी तिला कधी म्हटलं नाही की ये. कसं म्हणायचं? नातवाला टाकून माझ्या भाकऱ्या थापायला ये? जीभ रेटत नाही. आणि तीही कधी म्हणाली नाही की बोलवा. आणि आता गेल्या आठवड्यात जरीनाचा फोन, "अब्बा, गुलटेकडीच्या खोल्या काढून टाकू. तुम्ही इकडंच या. रविवारी संध्याकाळपर्यंत हो-नाही सांगा, गिऱ्हाईक थांबत नाही." प्रेमानंच म्हणाली. तिथं खिडकीतनं दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात. मी दोनदा राहून आलोय. लिफ्टमध्ये मला लोक विचारतात, कुठल्या फ्लॅटवर डिलिव्हरी आहे? तिथं जायचं म्हणजे हे मैदान गेलं, यार्ड गेलं, श्रीनिवास गेला. नाही जायचं म्हणजे हे असंच, अठ्ठावन्न, मग पंचावन्न. आणि तिसरं जे मला पाहिजे होतं, ते हो-नाहीत बसत नव्हतं.

दिवेलागणीला घरी आलो, माळ्यावर चढलो. जरीनाचा पाळणा, फुटका पंखा, पितळेची कळशी, चहाच्या खोक्यात तिच्या शाळेची बक्षिसं. गादी नाही. आठ-दहा किलोची वस्तू, हरवणार कशी? उंदीर वाळू खातात का? खाली उतरलो आणि फोन लावला. आम्ही घरी आमचं दखनी बोलतो, पण तुम्हाला मराठीतच सांगतो. म्हटलं, "रशीदा, ती गादी कुठंय? वाळूची." मागं टीव्हीवर कार्टून चालू होतं, नियाज काहीतरी आपटत होता. मग म्हणाली, "कशाला?"

"स्पर्धा आहे."

"स्पर्धा दरवर्षी असते. गादी जरीनाच्या जन्माआधी लागत होती."

मी सदऱ्यावरची माळ्याची धूळ झटकत राहिलो.

"जेवता का?"

"जेवतो की."

"काय जेवता?"

"जेवण."

"हं," म्हणाली. ही हं मी पस्तीस वर्षं ऐकतोय. भाजीवाल्यानं भाव सांगितला की अशीच करायची. "गादी इथं आहे. इथं वारा फार. चौदावा मजला. गॅलरीचं दार दिवसभर आपटतं, पोराची बोटं सापडतील म्हणून तिथं टेकवलीये." मला हसू आलं. जन्मभर हिला म्हणत आलो, एकदा वर चल, मागच्या सीटवर बस, काही होत नाही. कधी आली नाही. जमिनीवर बरी आहे म्हणायची. म्हटलं, "तू तर माझ्यापेक्षा जास्त हवेत राहतेस." ती हसली नाही. म्हणाली, "तुम्ही उतरता तरी." आणि फोन ठेवला. मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभा होतो. ओट्यावर हॉटेलातनं आणलेली पावभाजीची पिशवी, गाठ न सोडलेली. गाठ न सोडताच झोपलो.

रविवारी दुपारी ती आली. दोन बस बदलून, शेवटचा तुकडा रिक्षानं. फाटकापासून मला दिसली, एका अंगानं कललेली, पिशवी उजव्या हातात, दर दहा-वीस पावलांवर हात बदलणारी. मी पळत गेलो नाही. जाता आलं असतं. माझ्याकडं एका ग्लायडरच्या पंखाचं टोक होतं, ते धरून उभा होतो, आणि मनात म्हटलं, हे सोडून कसं जाणार. ती जवळ आली, पिशवी सुबाभळीखाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं. श्रीनिवास म्हणाला, "वहिनी, तुम्ही आलात, म्हणजे आता खरी स्पर्धा." ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही रोज बघता ह्यांना. एक फोन करायला काय झालं होतं?" श्रीनिवास चष्मा पुसायला लागला. मग आम्ही दोघं सावलीत बसलो. तिनं विचारलं, "किती?"

"काय किती?"

"वजन."

"काटा खोटा आहे."

"बरं." तिनं माझ्या कमरेच्या पट्ट्याकडं बघितलं. खिळ्यानं नवीन भोक पाडलेलं. "हे भोक पण काट्यानंच पाडलं का?"

डब्यातनं खिमा आणि चपात्या काढल्या. मी खात होतो, ती बघत होती, मान वर करायची माझी छाती नव्हती. म्हटलं, "दाराला आता काय लावलंस?" म्हणाली, "काही नाही. आपटत असेल." मग मी विचारलं, की बाई, दाराला लावायला हिंजवडीत वीट मिळत नाही का, सगळीकडं बांधकामं, तू गुलटेकडीतनं एवढी वाळू वाहून का नेलीस? ती गवताची काडी मोडत बसली. "जाताना मला तुमची एक वस्तू पाहिजे होती," ती म्हणाली. "घरात फिरून बघितलं. सगळ्याच वस्तू तुम्हाला लागणाऱ्या. ही एकच लागत नव्हती." आणि थोड्या वेळानं, "आता ही पण लागायला लागली." त्या वेळी बोलायचं होतं. तोंडात घास होता, नंतर पाणी होतं, नंतर काहीच नव्हतं. ती म्हणाली, "चारला निघते. जरीनाला संध्याकाळी कंपनीचं काम आहे, पोरगं एकटं पडेल. आणि त्या खोल्यांचं काय ते तिला आज सांगा. तुम्ही म्हणाल तसं." मी म्हणेन तसं! तेवढ्यात श्रीनिवासनं हाक मारली, माझा नंबर आला होता, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू. सुटल्यासारखंच वाटलं.

गादी सीटवर टाकली, फासातनं पट्टे ओवले. श्रीनिवासनं ओढून बघितली, तशीच, जुन्या दिवसांसारखी. ताडपत्रीचा रंग उडालेला, पण टाका एक सुटला नव्हता. वर बसलो तर चौकोन मांड्यांना ओळखीचे लागले. काचेच्या टोपणावर बाहेरून लोकरीचा तांबडा धागा चिकटवलेला असतो, ग्लायडर सरळ चाललंय की वाकडं ते सांगायला. कुणीतरी पंख धरला, पट्टीच्या टोकाचं तार गुंडाळणारं यंत्र, ती विंच, ओढायला लागली, पंख धरणारा चार ढांगा पळाला, त्यानं सोडलं, आणि जमीन गेली. विंचची तार सुटल्यावर जे होतं ना, ते मी कधी कुणाला नीट सांगू शकलो नाही. कान रिकामे होतात. यार्डात मी जन्मभर ओरडलो, आणि इथं मी आहे की नाही हेसुद्धा ऐकू येत नाही. खाली कालवा, रेल्वेची लाइन, पूर्वेला लोणी काळभोरकडची उसाची हिरवी चौकटं, दक्षिणेला दिवे घाटाचे बोडके डोंगर. दोन घारी फिरत होत्या, त्यांच्याखाली गेलो, आणि चढ-उतार दाखवणारी सुई वर गेली. गरम हवेनं उचलून घेतलं. आईनं काखेत घेतल्यावर लहान पोर कसं आपोआप पाय दुमडतं, तसं होतं ते. आनंदी माझ्याच गोलात, खालच्या अंगाला होती, समोरून जाताना तिनं हात केला. दोघं एकाच खांबाभोवती फिरल्यासारखे वर चाललो होतो.

आणि प्रत्येक फेरीत पंखाखालून सुबाभूळ यायची. तिच्याखाली रशीदाच्या साडीचा एक फिकट निळा ठिपका. यायचा, जायचा. पूर्वी ती स्पर्धेला नेहमी यायची. कधी वर बघायची नाही, भीती वाटते म्हणायची. काहीतरी विणत, निवडत बसायची. एकदा मी विचारलं, मग येतेस कशाला? म्हणाली, "तुम्ही उतरलेले बघायला." काचेवरचा तो तांबडा धागासुद्धा पहिल्यांदा तिच्याच गुंड्यातला. तेव्हा वर कितीही वेळ राहिलो तरी मी एकटा आहे असं मनात आलं नाही. ह्या तीन वर्षांत मी उतरलो की टोपण उघडून थोडा वेळ तसाच बसायचो. कशाची वाट बघतोय ते मला कळायचं नाही. पोरं यायची, पंख उचलायची, काका उतरा म्हणायची. आता कळत होतं, आणि कळून उपयोग नव्हता, कारण मी वर होतो आणि ती चारला निघणार होती. गोल फिरत राहिलो. ज्या हवेची पायलट लोक वर्ष-वर्ष वाट बघतात ती हवा होती. नुसतं बसून राहायचं होतं. रविवारचा नियम असा, जो सगळ्यात जास्त वेळ वर राहील त्याला कप, आणि आमच्या क्लबाला तो कप किती दिवसांत बघायला मिळाला नव्हता. आणि खरं सांगू, मला वाटत होतं असंच राहावं. वर असेपर्यंत कुणाला काही सांगायला लागत नाही. चार वाजून जातील, ती जाईल, संध्याकाळ होईल, जरीनाचा फोन येईल, मी हं म्हणेन. खोल्या जातील. मी लिफ्टमधनं वर जाईन आणि परत कधी उतरणार नाही.

आनंदी गोलातनं घसरली, मला दिसली ती उतरायच्या वाटेला लागलेली. रेडिओवर श्रीनिवास, "सिराज, पोरगी उतरतेय. आता फक्त तू. हलू नकोस, ती तुझ्याआधी सुटली होती, तिच्या वेळेच्या पुढं जाईपर्यंत लटकून राहा. कप आपला." पुढच्या फेरीत सुबाभळीखाली निळा ठिपका नव्हता. मी मान वळवून शोधला. धावपट्टीच्या कडेच्या पायवाटेनं तो फाटकाकडं चालला होता. सरळ. आता हातात ओझं नव्हतं, तरी मला वाटलं ती एका अंगाला कललीये. वाळू सगळी माझ्याखाली होती. गादीचे चौकोन गरम झालेले. आणि एकदम मला ते दार दिसलं, चौदाव्या मजल्यावरचं, आपटणारं, आणि ती रोज सकाळी वाकून, पायानं सरकवून ही गादी त्याला लावत असणार, रोज, आणि संध्याकाळी काढत असणार, आणि ह्यातलं मला काही माहीत नव्हतं. सुई अजून वरच दाखवत होती. मी पंखावरच्या ब्रेकचा दांडा ओढला.

"सिराज," श्रीनिवास म्हणाला. "तुझे ब्रेक उघडलेत. दिसतायत मला. बंद कर." मग, "सिराज, अरे चढती हवा आहे, बाहेर येतोस कसला." मग जरा वेळानं, आवाज बदलून, "काही होतंय का तुला?" म्हटलं, "काही होत नाही. उतरतोय. पट्टी मोकळी ठेव." वळसा घेतला, शेवटच्या बाजूला आलो, फक्कीची रेघ समोर. रेघेवर उतरायला मी इतका पक्का की पोरं मला पाटवाला म्हणतात, पाटावर बसावं तसा उतरतो म्हणून. रेघेवरून तसाच पुढं गेलो. ब्रेक मिटवला, गवतावरून तरंगत तरंगत, पट्टीच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत. मागं कुणीतरी ओरडत होतं. चाक टेकलं, खडखडाट झाला, फाटकाच्या अलीकडं एक वाळलेलं घाणेरीचं झुडूप आहे तिथं थांबलो. पंख थोडा वेळ सरळ राहिला, मग सावकाश कलला आणि त्याचं टोक पायवाटेवर टेकलं. तिच्यापासून चार हातांवर.

ती थांबली. छातीवर हात ठेवून उभी. मी टोपण उघडलं, पट्टे सोडले. तिथूनच बोललो. "जरीनाला सांग, खोल्या काढायच्या नाहीत."

"बरं," ती म्हणाली.

"आणि तू घरी ये."

तिनं वाऱ्यानं उडणारा पदर धरला.

"मला एकट्याला जेवण जात नाही," मी म्हटलं. एवढं मोठ्यानं बोललो की यार्डात आकडा ओरडतात तसा आवाज झाला. "हॉटेलचं नाही आणि कुणाचंच नाही. काटा खरा होता."

फाटकाबाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. तिनं तिकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आणि पोरगं?" म्हणाली. म्हटलं, "मला माहीत नाही." ती म्हणाली, "मला पण माहीत नाही." तिच्या डोळ्यांत पाणी होतं की वारा होता, लांबनं कळलं नाही. लांबनं श्रीनिवास आणि दोन-तीन पोरं पळत येत होती, श्रीनिवास हातवारे करत, शिव्याच देत असणार, त्याला धाप लागलेली इथनं दिसत होती. रशीदानं फाटकाकडं हात करून रिक्षावाल्याला जा म्हणून सांगितलं. मग चार हात चालून आली, पदर कमरेला खोचला, वाकली, आणि पंखाचं टोक दोन्ही हातांनी धरून उचललं. इतक्या वर्षांत तिनं ग्लायडरला हात लावला नव्हता. "हलकं आहे की," म्हणाली.

पोरं आली, नाकाला दोर बांधला. श्रीनिवास काही बोलणार होता, त्यानं पंखाच्या टोकाकडं बघितलं. मग म्हणाला, "वहिनी, खाली-वर नको, समान धरा. चालाल ना एवढं?" ती म्हणाली, "चालेन." मी पुढं नाकापाशी गेलो, दोर खांद्यावर घेतला. अख्खी पट्टी परत चालायची होती, ऊन उतरलेलं, पाहुणे लांब कपाचा फोटो काढत होते. मी मागं वळून बघितलं नाही. बाजूला गवतावर पंखाची सावली चालली होती, सरळ.